बामाच्या बारा डब्या

बँकेतल्या बाईंनी क्रेडिट कार्डांची तीन रंगीत पत्रकं टेबलावर पत्त्यांसारखी मांडली आणि चष्मेवालीला म्हणाल्या, "एक सांगते, कार्डाच्या चकाकीवर जाऊ नका. घर जसा खर्च करतं तसं कार्ड निवडा. घरानं जसा खर्च करावा असं तुम्हाला वाटतं, तसं नको. लोक तिथंच फसतात."

चष्मेवालीला हे पटलं, कारण तिचं स्वतःचं काम त्याच जातीचं होतं. चष्म्याच्या दुकानात ती डोळ्यांचे नंबर काढायची. दिवसभर माणसांच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, भिंगं बदलायची आणि "हे बरं दिसतं की हे?" असं विचारत राहायची. नंबर वाढू नये म्हणून लोक फळ्यावरची अक्षरं पाठ करून यायचे, जणू तिला फसवलं की डोळे आपोआप सुधारणार होते. इमारतीत तिला सगळे चष्मेवाली म्हणत. तिला स्वतःला मात्र चष्मा नव्हता.

या घरात येऊन तिला तीन वर्षं झाली होती. नवऱ्याची ही दुसरी बायको. पहिली वारली त्यानंतर वर्षभराने हे लग्न झालं, तेव्हा त्याची मुलगी बारा वर्षांची होती. आता ती पंधरा पूर्ण करून सोळाव्यात होती आणि चष्मेवालीला मावशी म्हणायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. माणूस सरळ, पण तोंड उघडायला महाकंजूष. नवी बादली घ्यायची तरी या घरात चार दिवस विचार चालायचा. कार्डाचा विषय मात्र त्याने एका दमात संपवला. म्हणाला, तुझ्याच नावावर घे, घरखर्च तूच बघतेस.

तुझ्या नावावर. हे दोन शब्द चष्मेवालीने दिवसभर मनात घोळवले. या घरात तिच्या नावावर काडीसुद्धा नव्हती. विजेचं बिल नवऱ्याच्या नावाने यायचं आणि गॅस अजून पहिलीच्या नावावर होता. बदलून घेऊ म्हणता म्हणता तीन वर्षं गेली होती, आणि सिलिंडर देणारा माणूस दर वेळी दारात उभा राहून त्या मेलेल्या बाईचं नाव खणखणीत आवाजात वाचायचा. चष्मेवाली निमूट सही करायची. आता पहिल्यांदाच तिच्या नावाचं काहीतरी या पत्त्यावर येणार होतं. म्हणून तिने स्वतःशी एक ठरवून टाकलं, जे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. वर्षभराच्या पावत्या काढायच्या, आणि त्यांत आपण कुठे दिसतो का ते बघायचं. दिसलो, तर हे घर आपलं.

पावत्यांचा डबा ही तिचीच शिस्त. पहिली म्हणे पावत्या दुकानाच्या दारातच चुरगाळून टाकायची. चष्मेवालीने आल्या आल्या बिस्किटांचा रिकामा डबा फ्रिजवर ठेवला आणि फर्मान काढलं की काहीही आणा, पावती डब्यात पडली पाहिजे. नवरा आणि मुलगी दोघेही ते बिनबोभाट पाळत.

रविवारी जेवणं झाल्यावर कुणीतरी कुठेतरी लिफ्टमध्ये अडकलं आणि नवरा हत्यारांची पिशवी घेऊन गेला. मुलगी खोलीत जाऊन पडली. चष्मेवालीने डबा बैठकीच्या खोलीत फरशीवर उपडा केला आणि पंख्याने उडू नयेत म्हणून चमचे, वाट्या, हाताला लागेल ते वर ठेवत ढीग लावायला बसली. किराणा. पेट्रोल. औषधं. कपडे. प्रवास आणि बाहेरचं खाणं. बाकी सगळं एका कोपऱ्यात.

तीन कार्डांपैकी तिचं मन निळ्यावर बसलं होतं. त्यावर समुद्र होता. प्रवास आणि हॉटेलच्या खर्चावर पॉइंट मिळणार, ते साठवले की एक फेरी फुकट. लग्नाआधी ती दर वर्षी चार दिवस एकटीच समुद्रावर जायची, नुसती वाळूत बसायची आणि लांब बघायची. डोळ्यांना तेवढाच आराम. लाल कार्ड पेट्रोलवाल्यांसाठी होतं. हिरवं कार्ड किराण्यावर आणि औषधांवर शंभराला पाच परत द्यायचं. हिरवं दिसायलाही अगदी सरकारी होतं, त्याच्याकडे बघून कुणाला काही वाटू नये असंच केलेलं.

पेट्रोलचा ढीग लागलाच नाही, कारण नवऱ्याच्या गाडीत कंपनी पेट्रोल भरायची. लाल कार्ड बाद. प्रवासाच्या ढिगात तीन चिठ्ठ्या निघाल्या, त्यातली एक नवऱ्याच्या चुलत्याच्या मयताला गेल्याची. निळ्या कार्डावरचा समुद्र जरा मागे सरकला. किराण्याचा ढीग मात्र वाढत वाढत गेला, आणि तो वाचताना चष्मेवालीच्या लक्षात हळूहळू एक गोष्ट येऊ लागली.

स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक यादी चिकटवलेली होती. निळ्या शाईत, तिरक्या अक्षरात, पहिलीच्या हातची. लग्न होऊन आली तेव्हा चष्मेवालीला वाटलं, ही या घराची पद्धत. माणसांना काय लागतं ते आपल्याला कुठे ठाऊक? म्हणून ती दर महिन्याला त्या यादीबरहुकूम सामान आणत गेली. लिंबाच्या वासाचा साबण सहा वड्या. बेदाणे अर्धा किलो. कडू कॉफी. सुती कपड्यांना खळ. साबणाने तिच्या अंगाला खाज सुटायची, पण बाप-लेकीला आवडत असेल म्हणून ती गप्प राहिली. बेदाणे कुणी खाताना तिने पाहिलं नव्हतं, तरी डबा मात्र रिकामा व्हायचा.

आता बारा महिन्यांचा खर्च एका रांगेत मांडल्यावर त्यातून एक बाई तयार होत होती. तिला लिंबाचा वास आवडायचा. ती बेदाणे तोंडात टाकत काम करायची. ती कडक इस्त्रीचे कपडे घालायची आणि कॉफीत साखर घेत नसे. ही बाई चष्मेवाली नव्हती. तीन वर्षं तिचं घर चालवायला आपण राबलो, तिच्या सांगण्यावरून पिशव्या वाहिल्या, आणि आता तिच्याच खर्चाला साजेसं कार्ड आपल्या नावाने घ्यायला निघालो. तिने पावत्या पुन्हा वरखाली केल्या. अख्ख्या वर्षात तिची स्वतःची म्हणता येईल अशी एकच पावती निघाली. घरात घालायच्या रबरी चपला, एक जोड. फरशी पायाला गार लागायची म्हणून घेतल्या होत्या. पहिली घरात अनवाणीच असायची म्हणे, आणि टाचा अशा आपटत चालायची की खालच्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक काठीने छत बडवायचे. चष्मेवालीच्या चपलांची नुसती फट् फट्. शिक्षकांनी त्यावर कधी तक्रार केली नाही.

मग ती औषधांच्या ढिगाकडे वळली आणि तिचा हात थांबला.

बाम, एक डबी. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाची पावती. पुढच्या महिन्यात पुन्हा बाम, एक डबी. तिने सगळ्या वेगळ्या काढल्या. बारा पावत्या होत्या.

या घरात बाम कुणी लावत नव्हतं. न्हाणीघरातल्या आरशामागे एक छोटी हिरवी डबी होती खरी, पण ती पहिलीची. चष्मेवालीने तिला तीन वर्षांत हात लावला नव्हता. पहिलीचं डोकं दुखायचं. डोकं दुखतं, डोकं दुखतं म्हणत ती वर्षभर बाम चोळत राहिली आणि मग एके दिवशी कळलं की ते नुसतं दुखणं नव्हतं. त्यानंतर ती तीन आठवडे जगली. एवढं नवऱ्याने लग्नाआधी एकदा सांगितलं होतं, पुन्हा कधीच नाही. यादीतही शेवटी बाम होताच. पण डबी जागेवर दिसायची, म्हणून चष्मेवाली ती ओळ सोडून द्यायची. आपण तीच जुनी डबी बघतोय, असं ती समजत आली होती.

आणि वास. वासाबद्दल तिने आजवर कुणापाशी ब्र काढला नव्हता. दुपारी तीनला ती दुकानातून घरी यायची, आणि चारच्या सुमाराला खोल्यांमधल्या बोळात बामाचा वास यायचा. रोज नाही, पण आठवड्यातून दोनतीनदा तरी. पहिल्या वेळी तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. हातातलं काम टाकून ती वासामागे गेली. वास मुलीच्या खोलीच्या दाराशी सगळ्यात दाट होता. मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपलेली. चष्मेवाली दारात थांबली, आत पाऊल टाकायचा धीर झाला नाही, आणि ती परत फिरली. तेव्हापासून वास आला की ती जायची, थांबायची, परतायची. लेकीला बघायला आई येत असेल तर आपण कोण मध्ये पडणार? एकदा तर ती त्या रिकाम्या बोळात हळूच म्हणाली होती, "मी काही घ्यायला आलेली नाही हो." म्हटल्यावर तिची तिलाच लाज वाटली, पण भीती काही गेली नाही.

आता त्या वासाच्या बारा पावत्या तिच्या मांडीवर होत्या. भुतं पावत्या डब्यात टाकत नाहीत, एवढं तिला कळत होतं. तरीही तिने एकदा बोळाकडे पाहून घेतलं.

नवरा पाचला परत आला. दारातच ढीग बघून पाय कुठे ठेवावा ते त्याला समजेना. चष्मेवालीने आधी सोपं विचारलं. बेदाणे कोण खातं? तो म्हणाला, खातं कोण, मी रोज मूठभर नेतो आणि गच्चीवर लिफ्टच्या खोलीपाशी पाखरांना टाकतो. तू पाखरांसाठीच आणतेस ना? चष्मेवालीला हसूही येईना. मग साबण? नवरा म्हणाला, मला कुठलाही चालतो, तुला लिंबाचा लागतो म्हणून मी काही बोललो नाही.

मग तिने बामाच्या पावत्या त्याच्यापुढे धरल्या.

त्याने त्या घेतल्या नाहीत. नुसत्या पाहिल्या आणि पिशवी खांद्यावरून उतरवायचीही विसरला. म्हणाला, "संपत आली दिसली की मी आणतो. तुला सांगायची वेळ येऊ नये म्हणून."

"मला?"

"तूच लावतेस ना." त्याचा आवाज खाली गेला. "तू आलीस, त्यानंतर महिनाभरात डबी संपत आलेली दिसली. मला वाटलं, हिचंही डोकं दुखतंय. विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं आणि तू हो म्हणालीस तर काय करायचं होतं मी?"

तीन वर्षं हा माणूस रोज आरशामागे हात घालून डबी किती उरली ते बघत होता. रोज संध्याकाळी दारातून आत येताना आधी तिच्या कपाळाकडे बघायचा. ती समजायची, दुसरीला बघून पहिली आठवत असेल.

"माझं डोकं कधीच दुखत नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही. मी त्या डबीला शिवलेसुद्धा नाही."

तो पावत्यांच्या ढिगांमध्येच फतकल मारून बसला, किराण्याच्या वाट्या आडव्या झाल्या तरी उठला नाही. दोन्ही हातांनी तोंड झाकून तो रडला. तिने त्याला तीन वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. ती त्याच्या शेजारी सरकली आणि खांद्यावरची पिशवी तिनेच उतरवली. तिला त्याची दया आली, आणि रागही आला. एका प्रश्नाचं काम होतं.

मग दोघांच्या एकदमच मनात आलं, आणि दोघांनी एकदमच वळून पाहिलं. मुलगी बोळाच्या तोंडाशी उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"मी लावते," ती म्हणाली. "उशीला."

नवऱ्याने तोंड पुसलं.

"आईचं डोकं दुखायचं तेव्हा ती माझ्याच खोलीत येऊन पडायची, अंधार असतो म्हणून. मग उशीला वास यायचा. तो गेला. म्हणून मी थोडा लावायला लागले." ती बापाकडे बघत नव्हती, चष्मेवालीच्या पायांकडे बघत होती. "लावायचा आणि डोळे मिटून पडायचं. आधी काहीच व्हायचं नाही. मग मावशी, तू आलीस. मी बाम लावला की थोड्या वेळाने बोळातून पावलं यायची आणि दारापाशी थांबायची. मला माहीत होतं तू आहेस. पण डोळे उघडले नाहीत तर ती आई असायची."

तीन वर्षं जिच्या भीतीने चष्मेवाली त्या दारात उभी राहिली, ती दुसरी कुणी नव्हतीच. तीच होती.

"मग आता का रडतेस?" नवऱ्याने विचारलं, कारण मुलीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

"आता होत नाही तसं. हिने चपला घेतल्या. वास आला की चपला वाजतात, आणि मग मी डोळे कितीही घट्ट मिटले तरी मावशीच असते." तिने नाक ओढलं. "मावशी वाईट नाही. पण आई येत नाही आता."

ती खोलीत निघून गेली. दार तिने लावलं नाही.

चष्मेवाली ढिगांमध्ये बसून राहिली. कोपऱ्यातल्या ढिगावर ती एक पावती होती. रबरी चपला, एक जोड. आपण कुठे दिसतो का ते तिला बघायचं होतं, आणि दिसलो होतो. या घराने तिला ओळखलं होतं, पावलांवरून, मिटल्या डोळ्यांनी. इतकी वर्षं तिला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते एका पोरीची आई नेऊन मिळालं होतं. तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच शरम वाटली.

रात्रीच्या जेवणाआधी तिने फॉर्म भरला. हिरवं कार्ड. किराणा आणि औषधं. नवऱ्याने विचारलं, तुला तर समुद्राचं हवं होतं ना? ती म्हणाली, घर जसा खर्च करतं तसं घ्यायचं असतं. मग तिने कपाटाचं दार उघडून यादीतल्या साबणावर काट मारली, आणि त्यापुढे दुसऱ्या साबणाचं नाव लिहिलं. बेदाणे ठेवले, पाखरं उपाशी कशाला? शेवटच्या ओळीला तिने हात लावला नाही. फक्त नवऱ्याला सांगितलं की बाम यापुढे तुम्ही आणायचा नाही, तो मी आणीन.

तीन आठवड्यांनी कार्ड आलं. पाकीट आणणाऱ्याने दारात तिचं नाव वाचलं तेव्हा तिला वाटलं होतं तितकं काही झालं नाही. तिने सही केली, कार्ड पर्समध्ये ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना कोपऱ्यावर थांबून त्याच्यावर पहिली वस्तू घेतली. हिरवी डबी आरशामागे ठेवली. पावती डब्यात टाकली.

त्या रविवारनंतर एकदाही वास आला नव्हता. मुलगी घरात नीट वागत होती, जेवत होती, विचारलं तर उत्तर देत होती, पण दुपारी पडली की डोळे उघडे ठेवून छताकडे बघत राहायची. चष्मेवालीने ते दारावरून जाता जाता पाहिलं होतं.

डबी आणली त्यानंतर चौथ्या दिवशी, चारच्या सुमाराला, ती स्वयंपाकघरात उभी असताना बोळातून बामाचा वास आला.

तिने गॅस बंद केला. रबरी चपला काढून ओट्याखाली, दिसणार नाहीत अशा, सरकवून ठेवल्या. फरशी नेहमीसारखीच गार होती. ती बोळात आली आणि चालू लागली. तिच्या नेहमीच्या चालीने नाही. टाच आधी, जोरात, मग दुसरी टाच. ज्या बाईला तिने कधी पाहिलं नव्हतं ती जशी चालत असेल असं तिला वाटलं, तशी. टाचा दुखल्या. दार उघडंच होतं. ती उंबऱ्याशी येऊन थांबली आणि श्वाससुद्धा रोखून उभी राहिली.

खालून, चार वर्षांनी पहिल्यांदाच, काठीचे दोन ठोके आले.

मुलीच्या पाठीतून एक शहारा गेला. तिने उशीत तोंड आणखी खुपसलं. डोळे उघडले नाहीत.